अर्धा चमचा टाकणखार

रविवार कारंजावरच्या काष्ठौषधीच्या दुकानात
म्हाताऱ्याने विचारलं, टाकणखार कशाला,
तोंड आलंय का कुणाला?
म्हटलं, नाही, स्लाइमसाठी.
त्याने पुडी बांधली.
निघालाय एखादा नवा आजार,
असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर.

रंग मात्र मी आणला कामावरून,
इडलीच्या पिठाच्या डब्यात:
शिराझचा चोथा.
सगळं पिळून झाल्यावर उरतात त्या साली,
ट्रॉलीत भरून खताच्या ढिगावर जाणाऱ्या.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
सकाळपासून आंबूस वास.
रेणू म्हणाली, खिडकी लाव ना,
खाली सगळे खेळतायत.

रेणू म्हणजे रेणुका.
पण पुस्तकात अणू-रेणूंचा धडा आल्यापासून
वर्गात तिला एचटूओ म्हणतात.
आणि 'आईचा व्यवसाय' या रकान्यात
ती लिहिते, द्राक्षांच्या कंपनीत.
खोटं नाही.
ही जागा भाड्याने घेताना
मीही तेवढंच सांगितलं होतं.

साली उकळल्या. गाळणं जांभळं झालं, कायमचं.
पारदर्शक डिंकाच्या दोन बाटल्या, त्यात तो काढा,
मग कोमट पाण्यात विरघळवलेला टाकणखार,
चमच्या-चमच्याने,
कढी फुटू नये म्हणून ढवळतात तसं, न थांबता.
आणि वाटीच्या मधोमध काहीतरी दचकलं.
पातळ होतं ते
एकमेकांना धरायला लागलं.
जांभळा गेला, निळा आला,
निळ्यात हिरवा,
बागेतल्या पानांवर सुकलेल्या मोरचुदाचा.

आई, हा रंग कधी टाकलास?
टाकला नाही गं. तोच आहे.
आंबट असताना लाल, आंबटपणा मेला की निळा.
पुढच्या वर्षी येईल तुला, सामू म्हणतात.
मी दिवसभर तेच मोजते,
तीन पूर्णांक चार, तीन पूर्णांक सात,
आणि वहीत लिहिते.
एवढ्याचा पगार मिळतो?
एवढ्याचाच मिळतो.

लिंबाचा एक थेंब. जिथे पडला
तिथे गुलाबी ठिपका, गालावर चिमटा काढल्यासारखा.
दुसरा. तिसरा.
मग तिला सगळाच गुलाबी हवा झाला.
अख्खं लिंबू पिळलं, बियांसकट.
झालाही गुलाबी,
परकर शिवून घ्यावा इतका,
आणि सुटला.
ताटातून ओट्यावर, ओट्यावरून
गॅसच्या नळीवर, तिच्या बोटांच्या मधून,
धरून राहायचं विसरलेला.
ती दोन्ही हात वर करून उभी,
नाकाबंदीत अडवल्यासारखी.
तू सांगितलं का नाहीस?

सांगायला हवं होतं,
की ज्याने रंग खुलतो
त्यानेच दुवे तुटतात.
पण मलाही पाहायचा होता तो गुलाबी,
आमच्या टाक्यांमध्ये कधी न दिसणारा.

सोड्याचा डबा काढला.
फसफसलं, ओट्यावर चढलं, बसलं.
हळूहळू पुन्हा हाताला लागेल असं झालं.
पण पहिलं नव्हे:
फेसाळ, करडं-निळं,
पोटात बुडबुडे अन् लिंबाच्या दोन बिया.
हाच छान आहे, ती म्हणाली,
आणि पळाली खाली, चप्पल न घालता.

मी गाळणं घासत होते तेव्हा ऐकलं.
कुठल्या दुकानातून आणलास?
दुकानातून नाही, आईने केलाय.
ती वाईनचा सामू मोजते.
वाईनचा?
हो. तीन पूर्णांक चार.

तळमजल्यावर घरमालकांचा टीव्ही
मध्येच गप्प झाला,
की मलाच तसं वाटलं.
गाळण्याचा डाग निघाला नाही.
खिडकी उघडली. वास जायला तरी हवा.